कीर्तिमंदिराचे दुसरे दार



टेनिसमधील विजेत्याचे नाव चषकावर कोरले जाते. पराभूताचेही नाव निदान निकालपत्रकात उरते. परंतु ज्या माणसांमुळे तो खेळाडू प्रथम मैदानावर येऊन उभा राहिला, त्यांची नोंद बहुधा होत नाही. ती ओळखीच्या चार जणांच्या स्मरणात राहते आणि एका पिढीनंतर पुसली जाते. ‘हॉल ऑफ फेम’, अर्थात कीर्तिमंदिर, ही कल्पना प्रथमदर्शनी विजेत्यांच्या गौरवाची वाटते. तिचे खरे मोल मात्र ही पुसली जाणारी नोंद जपण्यात आहे. चेन्नई शहराच्या उदाहरणावरून ते विशेष स्पष्ट होते.

टेनिसचे आंतरराष्ट्रीय कीर्तिमंदिर जेम्स व्हॅन ॲलन यांनी १९५४ साली अमेरिकेतील न्यूपोर्ट येथे स्थापन केले. त्याला दोन दारे आहेत असे म्हणता येईल: एक खेळाडूंचे, दुसरे खेळाला हातभार लावणाऱ्यांचे. या दुसऱ्या दाराने टेड टिनलिंग हे खेळाडूंचे पोशाख बेतणारे कलावंत आत गेले. त्याच दाराने २००९ साली डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन यांचा प्रवेश झाला. वर्णभेदाच्या काळात व्हर्जिनियातील या डॉक्टरांनी कृष्णवर्णीय मुलांना आपल्या घरच्या मैदानावर टेनिस शिकविले. अल्थिया गिब्सन आणि आर्थर ॲश हे त्यांचेच शिष्य होत. सन्मान झाला तेव्हा डॉक्टरांच्या मृत्यूला ३८ वर्षे लोटली होती. दूरच्या परीक्षकाला अंतिम सामना दिसतो. गावातील शिक्षक सहसा दिसत नाही. टेक्सस, न्यू इंग्लंड अशा प्रदेशांची जी स्वतंत्र कीर्तिमंदिरे अमेरिकेत आहेत, त्यांचे प्रयोजन येथेच आहे.

२० जुलै २०२४ रोजी न्यूपोर्टच्या या वास्तूत दोन भारतीयांचा प्रवेश झाला. लिअँडर पेस खेळाडूंच्या दाराने गेले, तर विजय अमृतराज दुसऱ्या दाराने. हा सन्मान मिळविणारे ते पहिले आशियाई पुरुष. विंबल्डन आणि अमेरिकन स्पर्धेत प्रत्येकी दोनदा उपांत्यपूर्व फेरी गाठणाऱ्या अमृतराजांची निवड त्यांनी खेळासाठी केलेल्या कार्याबद्दल व्हावी, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. १९८५ साली मद्रासमध्ये ब्रिटानिया कंपनीच्या साहाय्याने ‘ब्रिटानिया अमृतराज टेनिस’ ही प्रशिक्षण योजना सुरू झाली. कलकत्त्याचा बारा वर्षांचा लिअँडर तिच्यात दाखल झाला. पुढे १९९० साली तो विंबल्डनचा कुमार विजेता झाला आणि १९९६ साली अटलांटा येथे त्याने ऑलिंपिक कांस्यपदक मिळविले. एकाच दिवशी दोन दारांनी आत गेलेल्या या दोघांची वाट मद्रासच्या त्या मैदानांवर एकत्र आली होती.

परंतु अमृतराजांच्याही मागे कोणी होते. बालपणी विजयची प्रकृती नाजूक होती. त्याच्या आई मॅगी पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना चालवीत असत. तो व्याप सांभाळून त्यांनी आणि रॉबर्ट अमृतराज यांनी आनंद, विजय आणि अशोक या तिन्ही मुलांना टेनिसपटू केले. रामनाथन कृष्णन यांची कथाही अशीच आहे. वडील टी. के. रामनाथन हेच त्यांचे गुरू. मद्रासच्या लोयोला महाविद्यालयात होणारी बर्ट्रम स्पर्धा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी होती. १९५१ साली प्राचार्यांनी शाळकरी कृष्णनला तीत खेळण्याची खास परवानगी दिली आणि त्याने ती स्पर्धा जिंकली. १९५४ साली तो विंबल्डनचे कुमार विजेतेपद मिळविणारा पहिला आशियाई ठरला. १९६० आणि १९६१ साली त्याने तेथेच उपांत्य फेरी गाठली. १९७९ साली पुत्र रमेश यानेही तेच कुमार विजेतेपद पटकावले. या साऱ्या यशाच्या आरंभी एका प्राचार्यांनी नियमाला घातलेली मुरड आहे. कोणत्याही चषकावर तिची नोंद नाही.

हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. व्यावसायिक स्पर्धा पैसा आणि परवाना यांच्या मागे जाते. चेन्नईच्या नुंगमबाक्कम क्रीडासंकुलात १९९७ ते २०१७ या काळात पुरुषांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा दर वर्षी भरत असे. २०१८ साली ती पुण्याला, बालेवाडीच्या क्रीडानगरीत आली. २०२३ नंतर तीही व्यवस्था संपली. एकवीस वर्षे चेंडू उचलणारी मुले, रेषापंच आणि पहाटे मैदान सज्ज करणारे कामगार यांचे श्रम मात्र स्पर्धेबरोबर स्थलांतरित होत नाहीत. ते त्या शहराचेच असतात आणि त्या शहरानेच ते जपावयाचे असतात.

तमिळनाडूने आपले टेनिसचे कीर्तिमंदिर उभारावयाचे ठरविले, तर खेळाडूंची यादी करणे कठीण जाणार नाही. कृष्णन पितापुत्र आणि अमृतराज बंधू तीत असतीलच. कोइमतूरच्या निरुपमा वैद्यनाथन याही असतील; १९९८ साली ऑस्ट्रेलियन स्पर्धेत मुख्य फेरीचा सामना जिंकून, खुल्या युगात ग्रँड स्लॅममध्ये असा विजय मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. कसोटी लागेल ती दुसऱ्या दारापाशी. त्या दाराने देणगीदार आणि पदाधिकारी सहज आत येऊ शकतात, कारण त्यांची नावे संस्थेच्या कागदपत्रांत आधीच असतात. क्लबमध्ये सभासदांशी खेळून त्यांचा सराव घेणाऱ्या आणि मुलांच्या हाती प्रथम रॅकेट देणाऱ्या मार्करचे नाव तेथे सापडेलच असे नाही. ते शोधावे लागते. वृद्ध खेळाडूंच्या आठवणी लिहून घ्याव्या लागतात, जुनी छायाचित्रे ओळखून घ्यावी लागतात. आणि हे काम ती माणसे हयात असतानाच व्हावे लागते.

प्रदेशाच्या कीर्तिमंदिराला न्यूपोर्टची लहान प्रतिकृती होण्याचे कारण नाही. न्यूपोर्टला जे दुरून दिसले नाही, ते त्याने जवळून पाहावे. त्याच्या भिंतीवरील पहिले नाव कृष्णन यांचे असेल, हे स्वाभाविक आहे. त्या नावाशेजारी, नियमाला मुरड घालणाऱ्या प्राचार्यांचेही नाव असावे.