घाबरल्याचे 495 रुपये

मागच्या आठवड्यात केजहून एका भावाचा मेसेज आला. ‘दादा, मुंबईला पहिल्यांदाच चाललोय. फोर्टमध्ये इंटरव्ह्यू आहे. खिशात दोन हजार आहेत. इंटरव्ह्यूपेक्षा शहराचीच भीती वाटतीय.’ आजचा एपिसोड त्याच्यासाठी. बाकीच्यांनीही ऐका, कधीतरी आपली पण वेळ येतेच.

भावा, माझी पहिली मुंबई सांगतो. अंबाजोगाईहून रात्रीची ट्रॅव्हल्स धरली, पहाटे दादरला उतरलो. रात्रभर झोप नाही, पाठीवर सॅक, चारी बाजूंनी हॉर्न. तेवढ्यात तीन-चार जणांनी घेरलं, ‘कुठं जायचंय, कुठं जायचंय?’ एकानं फोर्टचे पाचशे सांगितले आणि मी गप बसलो गाडीत. भाव पण केला नाही. मला टॅक्सी नकोच होती रे, मला फक्त त्या आवाजातून सुटायचं होतं.

नंतर कळलं, दादर ते सीएसएमटी लोकलचं सेकंड क्लासचं तिकीट 5 रुपये आहे. म्हणजे त्या दिवशी मी प्रवासाचे 5 दिले आणि घाबरल्याचे 495. वर डोकं इतकं बधिर झालेलं की इंटरव्ह्यूत सोप्या प्रश्नाला अडकलो. ती नोकरी गेली.

तेव्हापासून एकच नियम ठेवलाय: गोंगाटात निर्णय घ्यायचा नाही. निर्णय घरी, आदल्या रात्री घ्यायचा.

आता हे कागदावर लिहून घे, फोनची बॅटरी संपली तरी कागद राहतो. दादरहून मध्य रेल्वेची सीएसएमटीकडं जाणारी लोकल. स्लो सगळीकडं थांबते, फास्ट मध्ये फक्त भायखळ्याला. तुला शेवटच्या स्टेशनलाच उतरायचंय, त्यामुळं दोन्ही चालतील. गर्दी वाढायच्या आत, सकाळी लवकर निघ. डब्यात शिरताना बघ, फर्स्ट क्लासमध्ये चुकून चढलास तर तिकिटाच्या फरकावर किमान 250 रुपये दंड. हिरव्या पट्ट्यांचा डबा बायकांचा.

रिक्षा शोधत फिरू नको. सायन-बांद्र्याच्या खाली दक्षिण मुंबईत रिक्षा नसतेच. टॅक्सी लागलीच तर काळी-पिवळी, मीटरनं. फेब्रुवारी 2025 पासून पहिल्या दीड किलोमीटरला 31 रुपये आहेत. बेस्टच्या साध्या बसचं कमीत कमी भाडं 10 रुपये.

उतरल्यावर पहिली पंधरा मिनिटं कुणालाच उत्तर द्यायचं नाही. कडेला चहा घ्यायचा, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. सॅक पुढं घ्यायची. कान थोडे सरावले की मगच हलायचं.

इंटरव्ह्यूला वेळ असेल तर काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी आहे. आत जायला पैसे लागत नाहीत, आणि आत हॉर्न नाहीत. सकाळी 11 च्या आधी गेलास तर जवळच ओव्हल मैदान आहे, तिथं बस.

आणि आवाजाचा त्रास होतो म्हणून स्वतःला गावंढळ समजू नको. निवासी भागात दिवसाची कायदेशीर मर्यादा 55 डेसिबल आहे. 2020 मध्ये मुंबई पोलिसांनीच काही सिग्नलवर यंत्रं लावल्याचं दाखवलं होतं. हॉर्नचा आवाज 85 डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे आकडे परत पहिल्यापासून! म्हणजे मुंबईकर पण वैतागलेलेच आहेत.

शेवटचं. विचारायला लाजू नको. आपली बोली ऐकून हसतील, या भीतीनं मी एकदा चुकीच्या प्लॅटफॉर्मवर वीस मिनिटं उभा होतो. शेवटी एका काकांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘चल, मी पण तिकडंच चाललोय.’ घाईतली माणसं असतात ती, वाईट नसतात. रात्री थांबावं लागलं तर ओळखीतल्या कुणाला आधीच फोन करून ठेव. मुंबई सेंट्रलला रेल्वेचं पॉड हॉटेल आहे, पण 2021 मध्ये ते सुरू झालं तेव्हाच 12 तासांचे 999 होते. तुझे अर्धे पैसे तिथंच जातील.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा दादर तसंच होतं, तेच हॉर्न, तीच घेरणारी माणसं. माझ्या खिशात फक्त कागद होता.

पोचलास की मेसेज कर, भावा. पण आधी चहा घे.