डब्यातली ताकद, तालमीतली ताकद

आज आपण ताकदीविषयी बोलू.

मागच्या महिन्यात आपल्या वर्गातल्या एक बाई आमच्या घरी आल्या. हातात एक डबा होता आणि गोळ्यांची एक बाटली.

बाई म्हणाल्या, "गुरुजी, पोरानं शेळी विकून हे आणलंय. जत्रेत कुस्ती धरायची म्हणतो. पण ह्यावर लिहिलंय काय?"

आम्ही म्हटले, "तुम्हीच बघा, बाई. आकडे तुम्हाला येतात."

बाईंनी डबा फिरवला. बारीक आकड्यांवर बोट ठेवून मोजले. १४ भरले. तो सरकारी अन्न-परवान्याचा नंबर. मग बाटली फिरवली. तिच्यावर नंबर नाही, कंपनी नाही, आत काय आहे तेही नाही. बाईंचा चेहरा उतरला.

अशा बिननावाच्या गोळ्यांत कधी कधी स्टेरॉइड नावाचे औषध असते. त्याने अंग भरते खरे. पण हृदय आणि यकृत बिघडू शकते. पुढे मूल होणेही अवघड होऊ शकते. आम्ही बाटली घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी गोळ्या बंद करायला सांगितल्या.

पोरगा रागावला. म्हणाला, "गुरुजी, समोरचा गडी डबा खातोय. मी काय नुसती भाकरी खाऊ?"

त्याचा प्रश्न खोटा नव्हता. म्हणून डब्याचेही सांगतो.

डब्यात प्रथिनांची पूड होती. प्रथिने म्हणजे अंग बांधणारे अन्न. २०१८ साली संशोधकांनी ४९ प्रयोगांचा हिशेब एकत्र मांडला. व्यायामाबरोबर जादा प्रथिने घेतली तर थोडा फायदा होतो, असे दिसले. पण वजनाच्या दर किलोला सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे फायदा वाढला नाही. म्हणजे ६० किलोच्या गड्याला दिवसाला ९६ ग्रॅम झाली. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. लिटरभर दुधात ३० च्या वर असतात. शिवाय डाळ, शेंगदाणे, हरभरे आहेतच. २०२४ साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सांगितले, की अंग कमावण्यासाठी अशी पूड टाळावी.

सगळेच डबे खोटे, असे मात्र आम्ही म्हणत नाही. क्रिएटिन नावाचा पदार्थ मांसात आणि मासळीत असतो. तो खाल्ल्याने स्नायूंतला साठा वाढतो, हे १९९२ साली दिसून आले. थोडा वेळ जोर लावायच्या कामात त्याचा थोडा उपयोग होतो. पण किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत थॉमस डीलॉर्म नावाचे एक लष्करी डॉक्टर होते. जखमी शिपायांचे पाय अशक्त झाले होते. डॉक्टरांनी त्यांना जड वजन थोड्या वेळा उचलायला लावले. ताकद वाढली की वजन वाढवले. पुढे त्यांनी तीन फेऱ्यांची रीत घातली. जे वजन जेमतेम १० वेळा उचलता येते, ते धरायचे. पहिल्या फेरीत त्याचे निम्मे, दुसऱ्या फेरीत पाऊण, तिसऱ्या फेरीत पूर्ण. दर फेरीत १० वेळा. शिपाई चांगले सुधारले.

यात पुडी कुठे आहे? हळूहळू वाढवणे आहे. आमचीही यात एकदा चूक झाली. स्पर्धेच्या आठ दिवस आधी आम्ही शाळेतल्या पोरांना एकदम खूप पळवले. स्पर्धेच्या दिवशी निम्मी पोरे लंगडत होती. अंगाला झेपेल तेवढेच वाढवावे. मध्ये विसावा द्यावा. रात्री पोटभर झोपावे. कसलेले अंग विसाव्यातच भरते.

पोरगा आता तालमीत जातो. सकाळी हरभरे आणि दूध घेतो. रोज किती जोर काढले, ते त्याची आई खडूने भिंतीवर लिहिते. पहिल्या दिवशी २५ होते. काल ४० झाले. जत्रेत काय होईल ते होईल. पण पोरगा धडधाकट आखाड्यात उतरेल.

मंडळी, डबा विकत घेण्याआधी तो वाचा. वाचता आला नाही तर वर्गात घेऊन या. आपण मिळून वाचू.