दोघांची होडी
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



‘निवृत्तीनंतरचे सहजीवन’ या विषयावर चार शब्द बोला, असा मला हुकूम झाला. मी आयुष्यभर बँकेत खर्डेघाशी केलेला माणूस. पण शिडाच्या होडीतून जग फिरणाऱ्या नवरा-बायकोंच्या हकिकती वाचायचा मला नाद आहे. पोहता येत नाही, तो भाग वेगळा!

लिन आणि लॅरी पार्डी हे त्यातले एक जोडपे. ती अमेरिकेची, तो कॅनडाचा. सुमारे तीन वर्षे खपून त्यांनी स्वतःच्या हातांनी ‘सेराफिन’ नावाची लाकडी होडी बांधली आणि १९६८ मध्ये पाण्यात सोडली. लांबी किती? २४ फूट ४ इंच. म्हणजे आपल्या वन बीएचकेचा हॉल आणि किचन. तेवढ्यात झोपणे, स्वयंपाक, शिडे, दोर, पिण्याचे पाणी, सगळे. इंजिन नाहीच. या होडीतून अकरा वर्षांत त्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेत लोकांच्या बोटी दुरुस्त करून, लेख लिहून खर्च भागवला. पुढे ‘टॅलिसिन’ ही साडेएकोणतीस फुटांची दुसरी होडी बांधली, तीही बिनइंजिनाची. तिच्यातून २००२ मध्ये, समोरचा वारा अंगावर घेत, केप हॉर्नला वळसा घातला.

अकरा वर्षे एवढ्याशा जागेत! आपल्याकडे रिटायर झाल्यावर तिसऱ्याच आठवड्यात ऐकू येते, “अहो, जरा खाली चक्कर मारून या ना!”

त्यांचे जमते याचे एक कारण म्हणजे पाळी. भर समुद्रात रात्री होडी उभी करता येत नाही. एक झोपतो तेव्हा दुसरा पहारा देतो, साधारण तीन-चार तास. लांबच्या सफरीत भेट होते ती पाळी बदलताना. पण खाली झोपलेल्याला झोप लागते, ती वर बसलेल्याच्या भरवशावर.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. एक जण पाण्यात पडला तर? होडीला ब्रेक नसतो. उरलेल्याला एकट्याने शिडे सांभाळून होडी मागे फिरवावी लागते. त्यामुळे ‘ते खाते माझे नाही’ असे म्हणायची सोयच नाही. माइल्स स्मीटन हे ब्रिटिश अमलात भारतीय सैन्यात अधिकारी होते. १९५७ मध्ये केप हॉर्नच्या वाटेवर एका प्रचंड लाटेने त्यांची ‘त्झू हँग’ उलटीपालटी केली. सुकाणूवर त्यांच्या पत्नी बेरिल होत्या. त्या समुद्रात फेकल्या गेल्या, जखमी झाल्या, तरी पोहत होडीशी आल्या आणि आत भरलेले पाणी बादल्यांनी उपसायला लागल्या. मोडकी होडी डागडुजी करून त्यांनी चिलीपर्यंत नेली.

आता बँकेतले सांगतो. नवरा गेल्यावर महिन्याभराने बाई काउंटरवर येत. पिशवीभर कागद. एफडी किती, कुठे, नॉमिनेशन केले का, काही ठाऊक नसे. खात्यावर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ लिहिलेले, पण सर्व्हायव्हरला चेक कसा लिहायचा तेच माहीत नाही! आणि पुरुष मंडळींनी हसू नये. पत्नी आठ दिवस हॉस्पिटलात असली की गॅसचा नंबर कसा लावायचा, आपलीच बीपीची गोळी कोणत्या डब्यात आहे, हे फोन करून तिलाच विचारणारे या सभागृहातही असतील.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा चाळिशी-पन्नाशीत होतो. आता कित्येक घरांत दोघेच उरलोत, मुले पुण्याला, बंगलोरला, परदेशात. म्हणजे आपलीही होडी दोघांचीच. म्हणून माझी एवढीच विनंती आहे. येत्या रविवारी पाळी बदला. ताईंनी पासबुके, लॉकरची किल्ली, मेंटेनन्सची बिले हातात घ्यावीत. भाऊंनी कुकर लावावा, वरण जरा करपले तरी चालेल. ज्यांचा जोडीदार आज नाही, त्यांच्या घरची एक किल्ली शेजाऱ्यांकडे असू द्या.

सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवाला भेटूच!