चार इंची पाइप कुठून जाणार?

परिषदेत समोर बसलेले आर्किटेक्ट, आरसीसीवाले, ठेकेदार, गवंडी, फिटर, सुतार, प्लंबर, वायरमन मंडळी, लातूरकरांच्या वतीने आपलं मनापासून स्वागत.

स्वागताध्यक्षानं गावाचं कौतुक करायचं असतं. गंजगोलाई दुपारी पाहून घ्या. पण बांधकामातला माणूस लातूरला आला की त्याला आधी किल्लारीचा भूकंप आठवतो. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे आमच्याकडच्या दगडमातीच्या भिंती कोसळल्या. भिंती जाडजूड होत्या, पण आतली फळी वेगळी, बाहेरची वेगळी, मध्ये मातीचुरा. दोन्ही फळ्यांना धरून ठेवणारे आरपार दगड क्वचितच. वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, ओझं. जमीन हलली तशा दोन फळ्या एकमेकींना सोडून बाजूला झाल्या आणि माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आलं.

आपल्या कामाच्या साइटीही मला कधीकधी तशाच दिसतात. आर्किटेक्टची फळी एकीकडे, आरसीसीवाल्याची एकीकडे, मधे ठेकेदाराचा चुरा. ठेकेदार बंधूंनी रागावू नये, मी स्वतः आरसीसीवाला आहे आणि आता सांगतो ती फजिती माझीच आहे.

एका बंगल्याचं काम होतं. वरच्या मजल्यावर बाहेरच्या भिंतीला लागून संडास. आर्किटेक्टबाईंनी तो नकाशात तिथेच स्पष्ट दाखवला होता. त्याच्याखालचा बीम मी डिझाइन केला. स्लॅब पडला, सेंट्रिंग निघालं, मग प्लंबर आला. त्याचा चार इंची पाइप उतार धरून बाहेर जायचा, तर वाटेत माझा बीम. त्यानं फोन कुणाला करायचा? त्याला आम्ही दोघं कधी दिसलोच नव्हतो. त्यानं छिन्नी-हातोडा घेतला आणि वाट काढली. मी पोचलो तेव्हा दोन रिंगा तुटल्या होत्या आणि खालच्या सळईचं पोट उघडं पडलं होतं. मालक प्लंबरवर ओरडत होते. खरं तर स्लॅब भरण्याआधी प्लंबरला अर्धा तास बोलावलं असतं, तर पाइपाची जागा ठरवून तिथं स्लीव्ह सोडता आली असती. ते बोलावणं माझं होतं की आर्किटेक्टबाईंचं की ठेकेदाराचं, हे आजवर ठरलेलं नाही. बीमच्या दुरुस्तीचं बिल मात्र मालकांनीच भरलं.

मालकांची अडचण मला समजते. त्यांच्या लेखी आपण सगळे ‘इंजिनिअर साहेब’. आर्किटेक्ट हे बिरुद १९७२च्या कायद्यानं नोंदणी झालेल्यांनाच लावता येतं, हे गावात किती जणांना ठाऊक असतं? नकाशा मंजूर करून आणणारा तो इंजिनिअर, सळ्या मोजणारा तोही इंजिनिअर, आणि फरशीचा रंग सुचवणारा तर थोरला इंजिनिअर! मग मालक गवंड्याला परस्पर सांगतात, ‘मिस्त्री, ही खोली दोन फूट पुढं घ्या.’ मिस्त्री घेतात. खालचा कॉलम मात्र जागचा हलत नाही.

एका माणसाचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. सिमेंट कामाला किमान सात दिवस ओल लागते. ठेकेदाराचा बिगारी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. नळी धरून सकाळ-संध्याकाळ पाणी मारतात ते मालकाचे वडील, धोतराचा सोगा खोचून. आजच्या परिषदेत त्यांनाही आम्ही बोलावलं आहे. पुढच्या रांगेत पांढऱ्या टोपीचे काही जण बसले आहेत, ते तेच.

आता थोडी व्यवस्थेची माहिती. जेवण मागच्या मंडपात, भाकरी गरम आहे. पहिल्या सत्रात इथे एका दुमजली घराचा नकाशा टांगला आहे. त्यावर पहिली खूण करायला लाल पेन्सिल प्लंबर मंडळींकडे दिली जाईल. आर्किटेक्ट आणि आम्ही आरसीसीवाले तेवढा वेळ उभे राहून बघू. खुर्च्या मुद्दामच कमी मांडल्या आहेत.