कावळा, फांदी आणि गोवराची लस



लस टोचल्यामुळे मूल स्वमग्न होते काय, हा आजचा प्रश्न. एका शब्दात उत्तर हवे असेल तर ते "नाही" असे आहे. पण एका शब्दासाठी आपणांस भर उन्हाळ्यात संध्याकाळी येथवर येण्याची तसदी देणे बरे नव्हे. शिवाय हा शब्द कसा मिळाला ती हकीकत आम्हांस त्या शब्दाहून अधिक मोलाची वाटते.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे आपण नेहमी म्हणतो. जुन्या पंडितांनी याला काकतालीय न्याय असे भारदस्त नाव दिले. म्हण सर्वांना पाठ असते. अडचण येते ती फांदी आपल्या अंगणातली असते तेव्हा. दीड वर्षाचे मूल. कालपरवापर्यंत "आई", "पाणी" म्हणत होते, ते बोलेनासे होते. हाक मारली तर वळून पाहत नाही, नजरेला नजर देत नाही. स्वमग्नतेची ही लक्षणे पुष्कळदा दुसऱ्या वर्षात ध्यानात येतात. आणि गोवराची लसही नेमकी याच सुमारास टोचलेली असते. आई म्हणते, सुई टोचली आणि त्यानंतर मूल बदलले. तिला कोणी खोटे पाडू नये. तिने पाहिले ते खरेच पाहिले. प्रश्न एवढाच की, न टोचते तर ते मूल बदलले नसते काय? याचे उत्तर त्या एका घरात मिळणे शक्य नाही. त्यासाठी न टोचलेली मुले शोधावी लागतात.

नेमकी हीच गोष्ट लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधील अँड्र्यू वेकफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखात नव्हती. फेब्रुवारी १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या मातबर नियतकालिकात तो लेख आला. त्यात मुले होती बारा, आणि गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्र लशीशी लक्षणांचा संबंध पालकांनी जोडला होता तो त्यांपैकी आठांच्या बाबतीत. तुलनेसाठी न टोचलेले एकही मूल नाही. संबंध सिद्ध झालेला नाही, असे खुद्द लेखातच लिहिले होते. पण वेकफील्ड यांनी पत्रकारांपुढे तिन्ही लशी सुट्या द्याव्यात असे सुचविले आणि देशभर भीती पसरली. पुढे ब्रायन डीअर या पत्रकाराने शोध घेतला तेव्हा उघड झाले की, लस बनविणाऱ्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलाकडून वेकफील्ड यांना आधीपासूनच पैसे मिळत होते. २०१० साली 'लॅन्सेट'ने लेख मागे घेतला आणि वेकफील्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढले गेले.

लबाडी उघडकीस आली म्हणून प्रश्न सुटला, असे मात्र समजू नये. लबाडाच्या तोंडूनही कधी खरे निघते. म्हणून मोजणी करावीच लागली. आणि ती फार सुंदर झाली ती डेन्मार्कमध्ये. त्या देशात प्रत्येक माणसाला जन्मापासून एक क्रमांक असतो. डॉक्टरने मुलाला लस टोचली की सरकारकडून मोबदला मिळावा म्हणून तो तसे कळवितो. तेव्हा आपल्या पैशासाठी का होईना, नोंद चोख राहते! मानसिक विकारांच्या निदानाची वही निराळी. संशोधकांनी क्रमांकाला क्रमांक लावून दोन्ही वह्या ताडून पाहिल्या. १९९१ ते १९९८ या काळात जन्मलेली ५,३७,३०३ मुले. पैकी ४,४०,६५५ टोचलेली, बाकीची न टोचलेली. टोचलेल्यांत स्वमग्नतेचे प्रमाण जास्त निघाले नाही. किंचित कमीच भरले, पण तो फरक योगायोगात जमा व्हावा एवढाच होता. टोचल्यानंतर किती दिवसांनी निदान झाले, हेही पाहिले. लशीचा दोष असता तर टोचल्यानंतरच्या काही महिन्यांत निदानांची गर्दी दिसली असती. ती दिसली नाही. हे २००२ साली प्रसिद्ध झाले.

जपानची गोष्ट याच्या उलट बाजूची. तिथे १९९३ साली ही एकत्र लस बंदच झाली, कारण तिच्यातील गालगुंडाच्या भागामुळे काही मुलांना मेंदूच्या आवरणाची सूज आली. लशीत दोष असू शकतो, आणि असला तर तो याच मोजणीत सापडतो, हेही येथे ध्यानात घ्यावे. लस थांबली, पण योकोहामाच्या एका विभागात स्वमग्नतेचे आकडे वाढतच राहिले. कावळा उडून गेला तरी फांद्या मोडतच होत्या.

ही पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. तिच्या लेखकांत मायकेल रटर हे ब्रिटिश मनोवैद्य होते. १९७७ साली सुझन फोल्स्टाइन यांच्यासह जुळ्या भावंडांचा अभ्यास करून स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे दाखविणारेही तेच. तोवर काय समज होता? लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करून या अवस्थेला नाव दिले. तेव्हा गोवराची लस निघायलाच वीस वर्षे अवकाश होता. पुढे कित्येक तज्ज्ञांनी दोष दिला तो आईला: ती मायेने थंड, म्हणून मूल आपल्यातच मिटले! तो कलंक पुसला जातो न जातो तोच दुसरा आला: तू टोचून आणलेस म्हणून. दोन्ही वेळा बोट तिच्याकडेच. आम्हांस या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त राग येतो तो याचा.

आणि किंमत मोजली मुलांनी. इंग्लंडमध्ये दोन वर्षांच्या मुलांतील लसीकरण शेकडा सुमारे ९२ वरून २००३-०४ मध्ये ८० वर आले. २००६ साली तेरा वर्षांचा एक मुलगा गोवराने गेला. ब्रिटनमध्ये असा मृत्यू चौदा वर्षांत झाला नव्हता. २०१२-१३ मध्ये वेल्समधील स्वान्सीभोवती बाराशेच्या आसपास रुग्णांची नोंद झाली. त्यांत शाळकरी मुले पुष्कळ होती. लहानपणी, भीतीच्या त्या वर्षांत, टोचायची राहून गेलेली.

ज्या घरात थोरले मूल स्वमग्न आहे तेथे धाकट्याला टोचताना हात कचरतो, हे आम्ही समजू शकतो. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१९ साली पुन्हा ६,५७,४६१ मुलांची मोजणी केली, तेव्हा अशी धाकटी भावंडे मुद्दाम वेगळी काढून पाहिली. त्यांच्यातही लशीने धोका वाढलेला दिसला नाही. आपल्याकडील सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान आहे. त्या धाकट्यालाही याच वेळा लागू आहेत.