ॲल्युमिनियमच्या सायकलीचा तडा

वेळणेश्वर हें गुहागर तालुक्यांतील समुद्रकांठचें गांव. वरच्या सड्यावरून नारळीपोफळींत उतरणारा रस्ता उताराचा व वळणांचा आहे. मुंबईपुण्याकडील हौशी मंडळी हल्लीं किनाऱ्याच्या रस्त्यानें सायकलीवर हिंडतात, आणि पुष्कळांच्या सायकली ॲल्युमिनियमच्या असतात. अशा सायकलीच्या हँडलाखालीं केसाएवढी काळी रेघ दिसली, तर उताराला लागण्यापूर्वींच थांबावें हें बरें.

ती रेघ नुसत्या रंगाची आहे कीं धातूची, हें प्रथम पाहावें. जागा पुसून रंग अलगद खरवडावा. रेघ खालच्या धातूंतहि उतरलेली दिसली, कीं तो तडा समजावा. बहुधा तो नळ्यांच्या सांध्यालगत, किंवा सीटची दांडी नळींत शिरते तेथें सांपडतो.

पोलादी नळीला पितळेचा डाख देऊन काम भागवितां येतें. ॲल्युमिनियमची प्रकृति निराळी. हा धातु ६६० अंशांना वितळतो. पण हवेनें त्याच्या अंगावर चढलेला पापुद्रा सुमारें २०५० अंशांपर्यंत वितळत नाहीं. शिवाय पोलाद तापून लाल होतें, तर हा रंग न बदलतां एकाएकीं ओघळतो. म्हणून पापुद्रा तारेच्या ब्रशानें घांसून, आर्गॉन वायूच्या आवरणाखालीं, प्रत्यावर्ती विजेनें वेल्डिंग करावें लागतें.

जोड सुबक आला म्हणजे काम झालें, ही समजूत मात्र घातक आहे. ६०६१ नांवाचा मिश्रधातु सायकलींत पुष्कळ वापरतात. कारखान्यांत तो सुमारें ५३० अंशांपर्यंत तापवून पाण्यांत बुडवितात, मग १७५ अंशांच्या आसपास कांहीं तास भट्टींत ठेवितात. त्यायोगें मॅग्नेशियम व सिलिकॉन यांचे अतिसूक्ष्म कण धातूंत जागोजाग बसतात; त्याची ताकद त्यांच्यांतच आहे. वेल्डिंगच्या आंचेनें ही घडी मोडते व जोडाशेजारचा पट्टा मऊ पडतो. मग चकचकीत जोड शाबूत राहतो आणि त्याच्या बोटभर पलीकडे नवी चीर उगवते! सबंध फ्रेम पुन्हां भट्टींत घालणें हा खरा उपाय. पण पाण्यांत बुडवितांना ती वांकडी होते, आणि ती सरळ करण्याचीं साधनें गांवच्या वर्कशॉपांत क्वचितच असतात.

तड्याच्या टोकाशीं भोंक पाडल्यानें त्याची वाढ मंदावते, गेलेली ताकद परत येत नाहीं. कार्बनतंतूचें वेष्टण घालावयाचें, तर मध्यें काचतंतूचा थर हवा. नाहीं तर खाऱ्या हवेंत कार्बनच्या स्पर्शानें ॲल्युमिनियम झपाट्यानें खाल्लें जातें.

हँडलाजवळच्या तड्याला दुरुस्तीचा मोह धरूं नये. ती फ्रेम मोडींत काढावी. सीटच्या दांडीशीं असलेला लहान तडा जाणत्या कारागिराला दाखविण्यास हरकत नाहीं. परंतु निर्मात्याची हमी शिल्लक असेल, तर आधीं तडा त्यालाच दाखवावा. वेल्डिंग झालेल्या फ्रेमीवर ती हमी बहुधा राहत नाहीं. तोंवर वेळणेश्वरचा उतार सायकल हातीं धरून, पायींच उतरावा.