‘पोलीस त्रास देतात’ एवढ्यानं भागत नाही

(जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



पोलिसांविरुद्धच्या तक्रारींचा कायदा कसा असावा, यावर सकाळी तुम्ही लिहिलेल्या चिठ्ठ्या मी जेवणाच्या सुट्टीत वाचल्या. बहुतेकांनी एकच वाक्य लिहिलंय: ‘पोलीस आपल्या लोकांना त्रास देतात.’ असेल, खोटं कशाला म्हणू? पण सरकार हरकती-सूचना मागवतं, तेव्हा मंत्रालयात कुणीतरी त्या रकान्यांत भरत बसतो. कलम कोणतं, हरकत काय, पर्याय काय. तुमचं वाक्य तो कुठे भरणार? ‘इतर’मध्ये. आणि ‘इतर’ कुणी वाचत नाही.

वक्फ दुरुस्ती विधेयकाचं आठवा. संयुक्त संसदीय समितीकडे ९७,२७,७७२ निवेदनं आली. आपणही क्यूआर कोड स्कॅन करून पाठवली. कोण राहिलं होतं? पण एकाच मजकुराची लाखभर निवेदनं आली, की वाचणारा मजकूर एकदाच वाचतो आणि शेजारी आकडा लिहितो. बाजूनं लिहिणाऱ्यांचंही तेच होतं. एप्रिल २०२५ मध्ये कायदा झाला.

आता महाराष्ट्राचं विशेष जनसुरक्षा विधेयक घ्या. संयुक्त चिकित्सा समितीकडे बारा हजारांहून जास्त सूचना आल्या. जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत विधेयक मंजूर झालं, ठळक बदल तीन. उद्देशाच्या शब्दांत कडव्या डाव्या संघटनांचा उल्लेख आला, सल्लागार मंडळाची रचना बदलली, आणि तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. ‘विधेयकच मागे घ्या’ ही मागणी मान्य झाली नाही. माझ्या मते ती मागणी योग्य होती आणि आजही आहे. पण बदल कुठे झाले बघा: एका शब्दात, एका मंडळात, एका हुद्द्यात. म्हणून मोठी मागणी लिहाच, आणि तिच्याखाली कलमावर बोट ठेवून दुसरी, तिसरीही लिहा.

पोलीस तक्रारींच्या कायद्यात बोट ठेवायला जागा भरपूर आहेत. सर्वोच्च न्यायालयानं प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ ला सांगितलं, राज्याला एक आणि प्रत्येक जिल्ह्याला एक तक्रार प्राधिकरण हवं, आणि त्याची शिफारस बंधनकारक हवी. महाराष्ट्रानं २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती केली, पण जिल्ह्याऐवजी महसुली विभाग धरला. म्हणजे पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर मिळून एक. इथे काहीजण अंतराचं गाऱ्हाणं लिहितील. आपल्याला ते लागू नाही, जिल्हा असो की विभाग, जुन्नरकराला जायचंय पुण्यालाच. सांगोल्याच्या माणसाला अंतर नडतं, आपल्याला नडते ती पाच जिल्ह्यांची रांग. आपली सूचना रांगेवर हवी. आपलं नसलेलं दुखणं लिहिलं की आपलं खरं दुखणंही संशयात जातं.

या प्राधिकरणापुढे काय नेता येतं? कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा तसा प्रयत्न, रीतसर पद्धत न पाळता केलेली अटक किंवा डांबून ठेवणं, लाचखोरी, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणं, आणि अधिकाराचा गंभीर गैरवापर.

आता एक चिठ्ठी वाचतो. ठाण्याचं नाव मी गाळलंय. ‘भावाला रात्री दहाला बोलावून नेलं, पहाटे चारला सोडलं. मोबाईल ठेवून घेतला. कुठे सही नाही, काही नाही.’ किती साधं लिहिलंय, पण ही चिठ्ठी थेट ‘पद्धत न पाळता डांबून ठेवणं’ या रकान्यात बसते. फक्त तारीख घाला. आणि एक लक्षात ठेवा, ठाण्यांत सीसीटीव्ही असलेच पाहिजेत आणि चित्रण अठरा महिने जपावं, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंह सैनी खटल्यात सांगितलंय. ते जपून ठेवा म्हणून अर्ज त्याच आठवड्यात द्या, पोच घ्या.

दुसऱ्या चिठ्ठीत धर्मावरून दिलेली शिवी आहे. तिला वेगळा रकाना नाही. ‘गंभीर गैरवापर’ या पोटात ती घालता येईल, पण गंभीर कशाला म्हणायचं ते समोरचा ठरवणार. तेव्हा जात-धर्मावरून अपमान हा स्वतंत्र प्रकार धरावा, ही सूचना आपण केली पाहिजे. तिसऱ्या चिठ्ठीत सणाआधी दरवर्षी येणारी १६८ ची नोटीस आहे. त्या पोरानं तीन वर्षांच्या नोटिसा जपल्यात. नुसत्या तक्रारीपेक्षा त्या तीन कागदांचं वजन जास्त.

कागदाचं म्हणतोय ते उगाच नाही. परभणीचा ख्वाजा युनूस, सत्तावीस वर्षांचा इंजिनिअर, जानेवारी २००३ मध्ये पोलिसांच्या कागदावर ‘पळून गेला’ होता. सहआरोपीनं कोठडीत काय पाहिलं ते सांगितलं नसतं, तर तो कागदच खरा ठरला असता. पोलिसांवर खटला उभा राहिला तरी २०२० मध्ये निलंबित पोलीस पुन्हा सेवेत घेतले गेले. आई आसिया बेगम वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिल्या.

आणि हे जुन्नर. इथल्या कागदी मोहल्ल्यातल्या आपल्याच लोकांनी बनवलेला जुन्नरी कागद एकेकाळी नावाजलेला होता. आपण मात्र ठाण्यातून पोच न घेता परत येतो!

आता चिठ्ठ्या परत वाटतो. स्वतःची घेऊ नका, दुसऱ्याची घ्या. तारीख, वेळ, काय घडलं, कुणी पाहिलं, कोणता कागद आहे, कोणत्या प्रकारात बसतं, आणि कायद्यात कोणता शब्द बदलला तर हे थांबेल, एवढं लिहा. ऐकीव असेल तर ‘ऐकीव’ असं स्पष्ट लिहा, ते वेगळं ठेवू. मुलींनी लिहिलेल्या चिठ्ठ्या मुलीच बघतील. नावं वहीत राहतील, सूचनेत जाणार नाहीत. मंचर-घोडेगावची वही एकीकडे, जुन्नर-नारायणगाव-ओतूरची दुसरीकडे. चहा साडेचारला आहे, तोवर निम्म्या तरी होऊ द्या.